कोरलेलं, लिहिलेलं, रंगवलेलं

डहाणूच्या किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला विरोध करणाऱ्यांच्या बातम्यांत मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकर असे तीन शब्द एकापाठोपाठ येतात. बाहेरच्या वाचकाला पहिले दोन लगेच कळतात, तिसऱ्यापाशी तो थांबतो. डहाणू तालुक्यातल्या चिंचणी-वरोर पट्ट्यात पोलाद कोरणारे हे कारागीर राहतात. डाय म्हणजे दागिन्याचा ठसा. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीनं उलटी नक्षी कोरायची. दागिन्यावर जिथं उंचवटा हवा, तिथं डायवर खोलगट. पानाची शीर उजवीकडे वळायला हवी, तर डायवर ती डावीकडे. मग ते पोलाद तापवून, पाणी देऊन कडक करायचं. पत्रा ठेवून दाब दिला की एका डायमधून तीच पाकळी, तीच वेल पाहिजे तितक्या वेळा उमटते. दागिना बाजारात जातो, डाय कारखान्यातच राहते.

मला लिहायचं आहे ते सॉफ्टवेअरच्या कोडविषयी, तो उलगडून त्याची नक्कल करण्याविषयी आणि ती नक्कल रोखण्याविषयी. तरी सुरुवात डायपासून केली, कारण डहाणू-तलासरीच्या मातीत हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. तयार वस्तू लोकांच्या हातात द्यायची आणि ती करण्याची रीत मात्र आपल्याकडे ठेवायची, हे कसं जमायचं? कसबी कारागिराच्या हातात दागिना पडला की त्यावरून तो डाय कोरू शकतो. कायद्यानं यावर एक वाट दिली आहे: डिझाइन्स कायदा, २०००. त्याखाली नवी नक्षी नोंदवता येते आणि १० वर्षं, वाढवून घेतली तर आणखी ५ वर्षं ती राखता येते. पण अट अशी की नोंदणीचा अर्ज करण्याआधी ती नक्षी कुठंही उघड झालेली नसावी. नमुना आधी दुकानात मांडला आणि चालतोय म्हटल्यावर नोंदवायला गेलं, तर वेळ टळलेली असते. छोट्या कारागिराचा व्यवहार नेमका याच्या उलट चालतो. तो आधी दाखवतो, विकलं गेलं तर पुढचा विचार करतो.

आता कोडकडे. समजा, घोलवड-बोर्डीतल्या एका मुलानं चिकूच्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं ॲप लिहिलं. त्यात तो नावं देतो: ‘निव्वळवजन’, ‘अडत’, ‘हमाली’, ‘क्रेटअनामत’, ‘घटटक्के’. यातली अडत, हमाली कुणालाही मांडता येईल. त्याची खरी कमाई ‘घटटक्के’मध्ये आहे. झाडावरून उतरवलेला चिकू दिल्लीच्या बाजारात पोचेपर्यंत किती उतरेल, कोणत्या महिन्यात किती, पावसाची झड असेल तर किती, हा अंदाज त्यानं बागायतदारांच्या वह्या चाळून, दोन-तीन हंगाम ताडून बसवला आहे. चाळीसेक ओळींचा मजकूर असेल, पण त्या ओळींसाठीच व्यापारी पैसे मोजतो.

मुलगा हे सगळं माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तो झाला सोर्स कोड. गिऱ्हाइकाच्या फोनवर जातं ते त्याचं कंपाइल केलेलं, म्हणजे यंत्राला चालवता येईल असं रूप. पुष्कळांची समजूत अशी की एकदा कंपाइल झालं की आतलं कुणाला दिसत नाही. प्रोग्रॅम सी किंवा सी++मध्ये लिहिला असेल तर त्यात थोडं तथ्य आहे. तिथं नावं पुसली जातात, उरतात त्या यंत्राच्या सूचना. त्यांतून अर्थ काढता येतो, पण बसून काढावा लागतो. जावा, कोटलिन किंवा डॉटनेटची गोष्ट निराळी. त्यांचा कंपाइल केलेला मजकूर मधल्या भाषेत असतो आणि त्यात वर्गांची, कृतींची नावं बहुतेक तशीच टिकतात. फोनवरून ॲपची फाइल काढून डीकंपायलरला दिली की काही क्षणांत पडद्यावर सोर्स कोडच्या फार जवळचा मजकूर उभा राहतो. टिपणं गेलेली असतात, काही ठिकाणी मांडणी बदललेली असते, पण ‘घटटक्के’ हे नाव आणि त्याखालचं सगळं गणित जसंच्या तसं. ते उचलायचं, ॲपचा रंग बदलायचा, वर दुसरं नाव टाकायचं आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या किमतीला विकायचं.

हे काही नवीन नाही. जावा १९९६ मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी हान्पेटर व्हान व्हिलेट या डच प्रोग्रॅमरनं ‘मोका’ नावाचा डीकंपायलर लोकांपुढे ठेवला. जावात लिहिणाऱ्यांमध्ये तेव्हा खळबळ उडाली, कारण आपण विकतो त्या मालासोबत आपली वहीही जाते आहे, हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. आज त्याहून कितीतरी ताकदीची हत्यारं फुकट मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएसएनं, स्वतःसाठी बनवलेलं ‘घिड्रा’ मार्च २०१९ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. व्हायरसची चिरफाड करणारे संशोधक ते वापरतात, जुन्या यंत्राचा हरवलेला प्रोग्रॅम दुरुस्त करणारे वापरतात, आणि नक्कल करणारेही वापरतात.

यावरचा तोडगा म्हणजे कोड मुद्दाम दुर्बोध करणं, ऑब्फस्केशन. सगळ्यात साधा प्रकार नावं बदलण्याचा. ‘घटटक्के’चं ‘अ’ होतं, ‘निव्वळवजन’चं ‘आ’, ‘अडत’चं ‘इ’. पुढच्या पायरीवर सरळ चाललेल्या गणिताला वळसे दिले जातात, कधीच न चालणारे फाटे घातले जातात, कोडमधला मजकूर कुलूपबंद करून ऐनवेळी उघडला जातो, कुणी आत ढवळाढवळ केली तर प्रोग्रॅम स्वतःच बंद पडतो. १९९७ मध्ये ऑकलंड विद्यापीठात कॉलबर्ग, थॉम्बोर्सन आणि लो या तिघांनी अशा युक्त्यांची पहिली पद्धतशीर वर्गवारी केली. अँड्रॉइडसाठी लिहिणाऱ्यांना ‘प्रोगार्ड’ हे साधन माहीत असतंच. नावं बदलण्याचं काम ते विनामूल्य करतं. आपल्या घोलवडच्या मुलानं किमान एवढं न करता ॲप बाजारात सोडू नये. तासाभराचं काम आहे, आणि आळशी नक्कलबहाद्दर तेवढ्यानंही परत फिरतो.

पण चिकाटीचा माणूस परतत नाही. आणि इथं गणिताचा एक निकाल आहे, तो या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा. २००१ मध्ये बोआझ बराक, ओडेड गोल्डराइख, अमित सहाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की कोणताही प्रोग्रॅम घेऊन त्याची अशी बंद पेटी करणारी सार्वत्रिक पद्धत असूच शकत नाही, जिच्यात बाहेरून मिळणाऱ्या उत्तरांपलीकडे काहीच कळणार नाही. पुढे २०१३ मध्ये आणि मग २०२० मध्ये, थोड्या सौम्य अर्थानं कोड झाकण्याच्या रीती संशोधकांनी दाखवल्या. गणित म्हणून त्या देखण्या आहेत, पण रोजच्या प्रोग्रॅमला लावायच्या तर इतक्या संथ की चिकूचा हिशेब होईस्तोवर चिकू नासेल. तेव्हा ‘आमचं सॉफ्टवेअर कुणी फोडूच शकत नाही’ असं सांगून साधन विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर जे चालतं, ते गिऱ्हाइकाच्या यंत्राला समजतं. आणि यंत्राला जे समजतं, ते नेट लावणाऱ्या माणसाला आज ना उद्या समजतंच. कुलपानं वेळ मिळतो. तो वेळही मोलाचा असतो, पण मिळतो तो वेळच.

खऱ्या अर्थानं राखायचं असेल ते गिऱ्हाइकाच्या हाती देऊच नये, हा आजचा शहाणपणाचा मार्ग. ‘घटटक्के’चं गणित फोनवर न ठेवता आपल्या सर्व्हरवर ठेवायचं. फोननं विचारायचं, सर्व्हरनं नुसता आकडा द्यायचा. नक्कल करणाऱ्याला मग ॲपचा सांगाडा मिळतो, जीव मिळत नाही. तलासरीच्या आतल्या पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळायची मारामार असते, तिथं हा मार्ग लंगडा पडतो. बागेत उभं राहून हिशेब करायचा तर गणित फोनवरच हवं. म्हणजे काय लपवायचं आणि काय सोडून द्यायचं हा निर्णय शेवटी गिऱ्हाईक कुठं उभं आहे त्यावरून घ्यावा लागतो.

मराठी छपाईच्या जगाला तर हे कुलूप चांगलंच परिचयाचं आहे. ज्या दिवाळी अंकांच्या पानांवर आपण वाढलो, त्यांची अक्षरजुळणी नव्वदच्या दशकापासून संगणकावर होऊ लागली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्रीलिपी’, सी-डॅकचं ‘आयएसएम’, अशी नावं डीटीपी करणाऱ्याच्या तोंडी होती. मराठी सॉफ्टवेअरबरोबर तेव्हा डोंगल येई: संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टला, पुढे यूएसबीला लावायचा छोटा ठोकळा. तो नसेल तर सॉफ्टवेअर चालायचं नाही. डोंगल हरवला की ऐन दिवाळीच्या तोंडावर अंक अडकायचा. डोंगलची समजूत काढणारे बहाद्दरही गल्लोगल्ली होते. प्रोग्रॅम जिथं ‘डोंगल आहे का?’ असं विचारतो ती जागा शोधायची आणि उत्तर कायमचं ‘आहे’ करून टाकायचं.

त्या काळातली एक गोष्ट मला फार लागते. कुलूप सॉफ्टवेअरला होतं, पण अडकला तो लोकांचा मजकूर. प्रत्येक कंपनीच्या फाँटची अक्षरांची मांडणी निराळी. एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेली कथा दुसऱ्यात उघडली की पडद्यावर नुसता रोमन चिन्हांचा चिखल. लेखकाचे शब्द, संपादकाची मेहनत, आणि ते वाचायला मात्र तिसऱ्याच कुणाचं सॉफ्टवेअर लागायचं. युनिकोड ही सगळ्यांसाठी एकच अक्षरमांडणी रुळल्यावर ही कोंडी फुटली. पण जुन्या सीड्यांवर, जुन्या हार्डडिस्कवर आजही कितीतरी मराठी मजकूर तसाच पडून आहे. कोड राखताना वापरणाऱ्याची स्वतःची वस्तू त्यात कोंडली जाऊ नये, हे मी राखण्याच्या हक्काइतकंच महत्त्वाचं मानतो.

कुलूप कितीही भक्कम असो, किल्ली माणसाकडे असते. मुंबईची जिओमेट्रिक सॉफ्टवेअर सोल्युशन्स ही कंपनी अमेरिकेच्या सॉलिडवर्क्ससाठी काम करत होती. यंत्रांचे भाग त्रिमितीत आखण्याचं ते नावाजलेलं सॉफ्टवेअर. त्याच्या ‘२००१ प्लस’ आवृत्तीतल्या चुका शोधण्याचं काम मुंबईत चाले, म्हणून सोर्स कोड मुंबईत होता. एका माजी कर्मचाऱ्यानं तो प्रतिस्पर्धी कंपन्यांना विकायला काढला. ऑगस्ट २००२ मध्ये एफबीआय आणि सीबीआयनं मिळून सापळा रचला आणि दिल्लीच्या अशोक हॉटेलात त्याला पकडलं. इथं कुणी काही उलगडलं नव्हतं, डीकंपायलर चालवला नव्हता. जो कोड वाचण्याचा अधिकार नोकरीनं दिला होता, तोच बाहेर निघाला होता. आणि पुढचा पेच कायद्याचा. कोड सॉलिडवर्क्सचा, नोकरी जिओमेट्रिकची, आणि व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा भारतात नाही. मग नेमकं काय चोरीला गेलं आणि कुणाचं, यावरच घोडं अडलं. पुढे २००८ च्या दुरुस्तीनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये सोर्स कोड चोरण्याचा थेट उल्लेख आला. गुपितांसाठी मात्र विधी आयोगानं आपला २८९वा अहवाल आणि त्यासोबत विधेयकाचा मसुदा दिला तो मार्च २०२४ मध्ये, म्हणजे त्या सापळ्यानंतर २१ वर्षांहून अधिक काळानं.

डीकंपाइल करणं हा मुळात गुन्हा आहे का? आपल्या मुलाला आणि त्याच्या स्पर्धकालाही हे नीट माहीत असावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनं संगणक-प्रोग्रॅमला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. कथा-कादंबरीला जे संरक्षण, तेच कोडला. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ब नुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. २०१२ मध्ये कलम ६५अ आलं. हक्क मोडण्याच्या हेतूनं तांत्रिक कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद त्यात आहे. पण त्याच कायद्याचं कलम ५२ दुसरी बाजूही सांभाळतं. प्रोग्रॅम रीतसर घेतलेल्या माणसाला स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जोडता यावा म्हणून लागणारी माहिती, ती सहज मिळत नसेल तर, काढून घेण्याची मुभा आहे. ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला ते काम करताना त्याचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करून त्यामागचं तत्त्व समजून घेण्याचीही मुभा आहे. म्हणजे कोड उलगडला म्हणून कुणी आपोआप चोर ठरत नाही. उलगडून जे मिळालं त्याचं पुढे काय केलं, यावर सगळं ठरतं. चिकूची घट महिन्यागणिक बदलते ही कल्पना कुणाच्याही मालकीची नाही. ती मांडणारा त्या मुलाचा मजकूर त्याच्या मालकीचा. मला ही वाटणी न्याय्य वाटते. दुसऱ्याचं काम उघडून पाहिल्याशिवाय कुणी शिकलेलं नाही, डायमेकरही नाही आणि प्रोग्रॅमरही नाही.

हक्क सिद्ध करायची वेळ येते तेव्हा नोंदणी कामाला येते. कॉपीराइट नोंदणीविनाही लागू असतो, पण नोंदणीचा दाखला न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. पूर्वी लोक कचरायचे, कारण नोंदणीसाठी कोडच द्यावा लागे. २०२१ च्या नियमबदलानंतर सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं पुरतात; मात्र त्यांत काही झाकायचं नाही. ‘घटटक्के’ मधल्या पानांत ठेवायला कायद्याची काही हरकत नाही.

आता डहाणू आणि तलासरी ज्यासाठी जगाला माहीत आहेत त्या वारली चित्रकलेकडे येतो. चित्रकार जिव्या सोमा मशे १९३४ मध्ये तलासरी तालुक्यातल्या धामणगावात जन्मले आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांचं आयुष्य गेलं. वारली चित्र मुळात बायकांचं. लग्नघरी सुवासिनी गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. चौकात पालघट देवी, बाजूच्या देवचौकात पंचशिऱ्या देव, आणि धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, गाणी झाल्याशिवाय लग्न पुरं होत नसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणला, आणि जिव्या मशे यांचा हात लग्नाच्या चौकटीबाहेर पडला. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र जवळून पाहावं. बांबूच्या काडीनं ओढलेल्या पांढऱ्या रेघा, एकमेकींना छेदत छेदत साऱ्या कागदभर पसरलेल्या, त्या जाळ्यात ठिपक्याएवढे मासे, आणि काठाशी नखाएवढा एक माणूस, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभा. दोन रेघांमधलं अंतर कुठं विरळ, कुठं दाट होतं त्यातून जाळ्याला फुगवटा येतो, पाणी हलतं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले.

इथं झाकायला काहीच नाही. गेरू, पीठ, काडी, वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. सगळी रीत भिंतीवर उघडी आहे. चित्र पाहिलं की ते कसं केलं हे कळतं, आणि म्हणूनच शाळकरी पोरापासून कापडाच्या कारखान्यापर्यंत कुणीही ते उचलतं. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलानं भारतातल्या जाहिरातीत वारली शैली वापरली. आज कपांवर, पडद्यांवर, साड्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर ती दिसते. यातलं काही डहाणू-तलासरीच्या चित्रकारांनी केलेलं असतं, पुष्कळसं नसतं.

मग त्यांच्या वाट्याला कोणतं संरक्षण आलं? आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांतून २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. दोन वर्षांनी डहाणू-घोलवडच्या चिकूलाही मिळाला. हा निर्देशांक मोलाचा आहे, पण तो नावाची राखण करतो. अधिकृत वापरकर्ता नसलेला कुणी यंत्रानं छापलेला माल ‘वारली’ म्हणून, इथलाच आहे असं भासवून विकू लागला तर त्याला अडवता येतं. त्यानं तेच त्रिकोण, तारपा वाजवणारा तोच माणूस, नाचाचं तेच वेटोळं छापून वर नुसतं ‘ट्रायबल आर्ट’ लिहिलं तर निर्देशांक गप्प बसतो. शिवाय ही नोंदणी दहा वर्षांची असते, ती वेळोवेळी वाढवून घ्यावी लागते, आणि चित्रकाराला स्वतःला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. चिकूत हे जमतं, कारण बागायतदारांचा संघ आहे, व्यापार आहे, माल एका वाटेनं जातो. चित्रकार पाड्यापाड्यांवर विखुरलेले आहेत.

कॉपीराइट स्वतंत्र चित्राला आहेच. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं. जिव्या मशे यांच्या चित्रांवरचा हक्क म्हणजे २०७८ अखेरपर्यंत चालतो. जाळ्याचं ते चित्र उचलून कुणी चादरीवर छापलं तर तो भंग आहे. शैलीवर मात्र हक्क नाही, लग्नाच्या चौकाला तर कुणी एक कर्ताच नाही. आणि चित्रावरून कापडाचं डिझाइन केलं, ते नोंदवलं नाही आणि हक्कदाराच्या परवानगीनं यंत्रावर पन्नासहून अधिक नग निघाले, तर कलम १५ प्रमाणे त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. मूळ चित्र आणि त्यावरून केलेलं डिझाइन यांच्यातली रेघ कुठं ओढायची यावर न्यायालयांत बराच खल झाला आहे. कापडाचा व्यापारी ही रेघ वकिलाकडून समजून घेतो. पाड्यावरच्या चित्रकाराला ती कुणी समजावून सांगत नाही.

उघड्या गोष्टीची राखण लपवून होत नाही, पण दुसऱ्या रीतीनं होते, याचा दाखला आपल्यासमोर आहे. १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुने ग्रंथ, जुने छापील आधार पुढे करून ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. घराघरात ठाऊक असणं पेटंट कार्यालयाला पुरेसं नव्हतं. लिहिलेला, तारीख असलेला कागद लागला. त्या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. सॉफ्टवेअरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये जीपीएल परवाना काढला तो याच दिशेचा. कोड उघडा, पण त्यावर कर्त्याचं नाव, आणि पुढच्यानंही तो उघडाच ठेवायची अट. वारली चित्रांचीही अशी नोंदवही व्हायला हवी: कोणत्या पाड्यावर, कोणत्या वर्षी, कुणाच्या हातून कोणतं चित्र झालं, छायाचित्रासकट. हे काम पालघर जिल्ह्यानं हाती घ्यावं.

पण ज्या कलमामुळे मला हा लेख लिहावासा वाटला ते कॉपीराइट कायद्यातलं सतरावं. घोलवडच्या आपल्या मुलानं नोकरीत नसताना, एखाद्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन ॲप लिहिलं आणि करारात काहीच ठरलं नाही, तर कोडचा पहिला मालक तो मुलगाच. व्यापाऱ्याला वापर मिळतो, मालकी मिळत नाही. त्याच आठवड्यात त्याच व्यापाऱ्यानं गंजाडच्या चित्रकाराला पैसे देऊन आपल्या दुकानासाठी चित्र काढायला सांगितलं आणि करारात काहीच ठरलं नाही, तर कलम १७(ब) प्रमाणे चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक व्यापारी. मोबदला देऊन सांगून काढून घेतलेलं छायाचित्र, चित्र, व्यक्तिचित्र यांच्यासाठी हा नियम आहे. गिऱ्हाईक तेच, व्यवहार तसाच, दोघांनीही काही लिहून घेतलेलं नाही. एकाची मेहनत त्याच्याकडे राहिली, दुसऱ्याची गेली. चित्रकार पुढे तेच चित्र दुसऱ्या कुणासाठी काढू गेला तर कायद्याच्या भाषेत नक्कल करणारा तो ठरू शकतो.

ही वाटणी अन्यायाची आहे असं मी स्पष्ट म्हणतो. प्रोग्रॅमला साहित्यकृती मानताना १९८४ मध्ये संसदेनं काळाची गरज पाहिली. सांगून काढून घेतलेल्या चित्राचा नियम मात्र ज्या काळी श्रीमंत लोक स्वतःची तसबीर रंगवून घेत त्या काळाला साजेसा आहे. रिसॉर्टच्या भिंती, कंपन्यांची कॅलेंडरं, सरकारी इमारतींचे दर्शनी भाग, आज वारली चित्रकाराला मिळणारं मोठं काम हे असं सांगून करून घेतलेलंच असतं. म्हणजे कामाचा सगळ्यात मोठा वाटा नेमका त्याचा हक्क जाणाऱ्या रकान्यात पडतो.

मालकी गेल्यावरही चित्रकाराकडे एक गोष्ट उरते: कलम ५७. नाव लावण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा कर्त्याचा खास हक्क, जो मालकी विकल्यावरही त्याच्याचकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ मध्ये काढून कोठारात टाकलं गेलं, त्याची मोडतोड झाली. सहगल भांडत राहिले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं याच कलमावर निकाल दिला, शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि पाच लाखांची भरपाईही. डहाणूच्या चित्रकाराला या निकालाची माहिती हवी. त्याच्या भिंतीचा फोटो काढून नाव न घेता छापणाऱ्याला हेच कलम लागू पडतं.

आणि मालकी जाऊच नये यासाठी कायद्यानं त्याच १७(ब) मध्ये फट ठेवली आहे: उलट करार नसेल तर. म्हणजे उलट करार असेल तर मालकी चित्रकाराची. हक्क विकायचाच झाला तर तो लेखी आणि सहीनिशी लागतो. मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तेव्हा आगाऊ रक्कम हातात घेण्यापूर्वी, पावतीच्या मागे का होईना, दोघांच्या सहीनं आणि तारखेनं एवढं लिहून घ्यावं: ‘या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. हे चित्र फक्त याच भिंतीसाठी आहे. कपडा, कप, कॅलेंडर, जाहिरात किंवा इतर कशावर छापायचं असल्यास चित्रकाराची वेगळी लेखी परवानगी आणि वेगळा मोबदला लागेल. चित्राखाली चित्रकाराचं आणि त्याच्या पाड्याचं नाव राहील.’